मुळाशी मांडायचा हिशेब

उसाला खताचा हप्ता टाकून झाला की त्याच रात्री दारे धरायची, ही आपल्याकडची जुनी रीत. सरीत युरिया फोकलेला असतो, पाण्याची पाळी आलेली असते, लाईट रात्रीची असते. मग सरी तुडुंब भरेपर्यंत पाणी सोडले जाते. आठवड्यात पाने काळपट हिरवी दिसू लागतात आणि खत लागू पडले असे वाटते. थोडे पडलेलेही असते. पण त्या रात्री जमिनीखाली जे घडले ते कुणाला दिसत नाही. विरघळलेल्या युरियाला मातीचे कण धरून ठेवत नाहीत. पाणी जाईल तिकडे तो जातो. पाणी तीन फूट उतरले तर तोही उतरतो, आणि उसाची अन्न घेणारी मुळे बहुतांशी वरच्या दीड फुटात असतात. जो युरिया वर उरतो त्याचे काही दिवसांत अमोनियम होते. ते मातीला चिकटून राहते. पुढे आठवड्या-दोन आठवड्यांत त्याचे नायट्रेट होते आणि ते पुन्हा पाण्याबरोबर पळायला मोकळे. रान तुंबून राहिले, मातीतली हवा संपली, तर याच नायट्रेटचा जिवाणू वायू करून टाकतात. उलट युरिया ओलसर रानावर उघडाच पडून राहिला, मातीआड झाला नाही, तर आपल्या चुनखडीच्या जमिनीत तो अमोनिया होऊन वरच्या वर उडतो. पाणी जास्त झाले तरी नुकसान, वेळेवर मिळाले नाही तरी नुकसान. टाकलेल्या नत्रातला निम्म्याहून कमी, बऱ्याचदा जेमतेम तिसरा हिस्सा पिकाच्या पदरात पडतो, तो असा.

पाणी आणि खत यांची प्रकरणे या पुस्तकात वेगवेगळी केलेली नाहीत, ती याच कारणाने. आपल्या सगळ्या व्यवस्थेने हे दोन विषय तोडून टाकले आहेत. पाणी कालव्याच्या पाळीवर आणि विजेच्या वेळापत्रकावर चालते; खत कृषी सेवा केंद्रातल्या सल्ल्यावर आणि शेजाऱ्याने काय टाकले त्यावर. अनुदानाच्या योजना वेगळ्या, खाती वेगळी, सल्ला देणारी माणसेही वेगळी. झाडाच्या मुळाला मात्र ही वाटणी ठाऊक नाही. मूळ अन्न घेते ते पाण्यात विरघळलेले, आणि ते घेण्यासाठी लागणारी ताकद त्याला हवेतल्या प्राणवायूतून मिळते. म्हणून पाणी, अन्न आणि हवा यांचा हिशेब एकाच ठिकाणी, मुळाशी मांडावा लागतो. या पुस्तकाचे सांगणे एवढेच आहे. बाकीची पाने ते कसे करायचे यासाठी खर्ची घातली आहेत.

हवेचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण आपल्या बोलण्यात तीच सुटते. चांगल्या जमिनीत निम्मी जागा मातीच्या कणांची असते आणि निम्मी पोकळी. त्या पोकळीत साधारण निम्मे पाणी आणि निम्मी हवा असली की जमीन वाफशावर आहे असे आपण म्हणतो. जुन्या माणसांना हे मुठीत कळत होते: माती दाबली की गोळा व्हावा, आणि कमरेइतक्या उंचीवरून टाकला की फुटावा. पाणी साचलेल्या रानात ती हवेची जागा पाणी घेते आणि मुळे गुदमरतात. पिवळी पडलेली पाने पाहून आपण आणखी युरिया टाकतो, त्यावर आणखी पाणी देतो. भुकेने पिवळे पडलेले पीक आणि गुदमरून पिवळे पडलेले पीक लांबून सारखेच दिसते. फरक कळायला फावडे घ्यावे लागते. वीतभर उकरून मुळे पांढरी आहेत की तपकिरी पडली आहेत एवढे पाहिले, तरी खताच्या एका हप्त्याचे पैसे वाचू शकतात.

काळ्या भारी जमिनीत हे जास्तच जपावे लागते. ती पाणी धरून ठेवते, फुगते, तिच्यातून निचरा सावकाश होतो. दख्खनच्या कालव्यांनी हा धडा शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच दिला होता. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. दुष्काळी पट्ट्याला संरक्षण देणे हा त्याचा हेतू होता. पुढे त्यावर ऊस आला, आणि उसामागून पाणथळ आणि खारवट रानेही आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी याच कालव्यांवर ब्लॉक पद्धत आणली. मागेल त्याला मागेल तिथे पाणी न देता ठरावीक गटांत, ठरावीक क्षेत्रापुरते पाणी द्यायचे, उसाबरोबर हलकी पिकेही त्यात बसवायची, म्हणजे पाणी पसरेल आणि जमीन वाचेल. १९३२ साली पाडेगावला ऊस संशोधन केंद्र सुरू झाले, तेही याच नीरेच्या पट्ट्यात. एवढे सगळे माहीत असताना पुढे कृष्णाकाठी तेच घडले. वाळवा, मिरज, पलूस, शिरोळ या तालुक्यांत चांगली, सोन्यासारखी म्हणवली जाणारी राने क्षारपड आणि चोपण झाली. उपसा योजनांचे पाणी आले, निचऱ्याचे चर बुजले, खताचे हप्ते वाढत गेले. आज तिथे जमिनीखाली तीन-चार फुटांवर सच्छिद्र पाईप पुरून पाणी काढावे लागते, चोपण रानात जिप्सम टाकावे लागते, धैंचा गाडावा लागतो. काम होते, जमीन परत येते. पण पाईपच्या पाण्याला ओढ्यापर्यंत वाट लागते आणि ती शेजाऱ्याच्या बांधावरून जाते. एकट्याने बिघडवलेली जमीन एकट्याला दुरुस्त करता येत नाही, हे तिथल्या शेतकऱ्यांनी फार महाग किमतीला शिकून घेतले आहे.

पाणी मोजून, वाटून घेण्याची अक्कल आपल्याला बाहेरून आणावी लागली असेही नाही. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर शेकडो वर्षे फड पद्धत चालत आली. बंधाऱ्याखालची जमीन फडांत विभागायची, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, म्हणजे पाण्याची गरज सारखी आणि पाळी सारखी. पाणी सोडायला गावाने नेमलेला पाटकरी. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यातही ताली-बंधारे घालून पावसाचे पाणी रानातच मुरवावे, म्हणजे पाण्याबरोबर सुपीक माती वाहून जाणार नाही, हा आग्रह आहे. पाणी आणि जमिनीचा कस यांचा एकत्र विचार त्यांनी तेव्हा केला होता.

आता ठिबकाकडे येतो, कारण या पुस्तकाचा मोठा भाग त्यावर आहे. सिमचा ब्लास या इस्रायली अभियंत्याने प्लास्टिकचा ड्रिपर घडवला आणि १९६५ मध्ये हात्झेरीम किबुट्झबरोबर त्याचे उत्पादन सुरू झाले. आपल्याकडे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात भवरलाल जैन यांनी जळगावहून ते शेतकऱ्यांपर्यंत नेले. केळी, द्राक्ष, डाळिंब यांनी ते मनापासून स्वीकारले. उसाने मात्र हातचे राखून. राज्य मंत्रिमंडळाने २०१७ मध्ये उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला, पण सक्तीने कुणी पाणी मोजायला शिकत नाही. मोकाट पाण्यात दिलेल्या पाण्यापैकी निम्मेही मुळांना मिळत नाही आणि ठिबकाची कार्यक्षमता ९० टक्क्यांपर्यंत जाते, हे प्रत्येक माहितीपत्रकात छापलेले असते. ते खरेही आहे. फक्त त्यात एक अट दडलेली असते: संच किती वेळ चालवायचा हे ठाऊक असले तर.

हा हिशेब एकदा कागदावर करून पाहू. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण ४,००० लिटर. पाच फुटी सरीत प्रत्येक ओळीला एक लॅटरल टाकली तर एकराला सुमारे २,७०० मीटर नळी लागते. ४० सेंटिमीटरवर ड्रिपर असतील तर ते होतात पावणेसात हजारांच्या आसपास. ड्रिपर ताशी ४ लिटरचा असेल, तर संच एक तास चालला की २७,००० लिटर पाणी पडले, म्हणजे साडेसहा मिलिमीटरच्या वर. भर मे महिन्यात पूर्ण वाढलेल्या उसाची दिवसाची गरज सात-आठ मिलिमीटर धरली तर सव्वा तास पुरे. थंडीत त्याच उसाला अर्धा-पाऊण तास बास होतो. आणि लागण नुकतीच उगवलेली असेल तर त्याहून कितीतरी कमी. पण आपल्याकडे मोटरीला ऑटो बसवलेला असतो. लाईट आली की मोटर सुरू, गेली की बंद. एकच कॉक उघडा राहिला तर तीन तासांत ८०,००० लिटर पाणी त्या एकरात जाते. नळीतून दिले एवढाच काय तो फरक, पाणी मोकाटच. व्हेंच्युरीतून सोडलेले खतही त्या पाण्याबरोबर मुळांच्या खाली निघून जाते, आणि शेतकरी म्हणतो की ठिबकाला खत जास्त लागते.

म्हणून ड्रिपरखाली बाटली धरणे हे या पुस्तकातले मी सर्वांत महत्त्वाचे काम मानतो. चार लिटरच्या ड्रिपरने पंधरा मिनिटांत एक लिटर भरले पाहिजे. सबमेनजवळचा पहिला ड्रिपर आणि लॅटरलच्या टोकाचा शेवटचा ड्रिपर, दोन्हींखाली एकाच वेळी बाटल्या ठेवाव्यात. पहिली भरली आणि टोकाची पाऊणच भरली, तर खतही तसेच वाटले जाते आहे: वरच्या उसाला जास्त, टोकाच्या उसाला कमी. मग दाब पाहावा, फिल्टरच्या जाळ्या काढून धुवाव्यात, लॅटरलची टोके उघडून गढूळ पाणी जाऊ द्यावे, विहिरीचे पाणी क्षाराचे असेल तर आम्ल प्रक्रिया करावी. सॅंड फिल्टर उलटा धुवायला पाच मिनिटे लागतात आणि तो महिनोन्‌महिने धुतला जात नाही. संचाचे अनुदान मिळाले की विषय संपतो अशी समजूत झाली आहे. खरे तर विषय तिथून सुरू होतो.

खत सोडण्याचीही अशीच एक साधी शिस्त आहे. संच जेवढा वेळ चालणार त्याचे तीन भाग करावेत. पहिल्या भागात नुसते पाणी, म्हणजे नळ्या भरून दाब सारखा होतो. मधल्या भागात खत. शेवटी पुन्हा नुसते पाणी, नळ्या धुऊन निघतील इतकेच. लांबवले तर खत मुळांखाली ढकलले जाते. कॅल्शियम नायट्रेटच्या टाकीत फॉस्फेट किंवा सल्फेट असलेले खत मिसळू नये, साका धरतो आणि ड्रिपर कायमचे बंद होतात. सुपर फॉस्फेट ठिबकातून जात नाही. ते लागणीच्या वेळी शेणखतात मिसळून मुळांच्या टप्प्यात पेरायचे. स्फुरद जमिनीत जागचे फारसे हलत नाही, आणि चुनखडीच्या रानात ते चुन्याशी बांधले जाते. वरून फोकलेल्या स्फुरदाचा पिकाला फारसा उपयोग होत नाही, तो यामुळे.

युरियाबद्दल मात्र थांबून बोलले पाहिजे. ४५ किलोची गोणी पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते आणि डीएपीची ५० किलोची साडेतेराशेला. २०१० मध्ये स्फुरद आणि पालाशच्या खतांचे अनुदान पोषणद्रव्यांवर आधारित झाले, युरिया त्यातून बाहेर राहिला, आणि ही दरी रुंदावली. ज्याच्या हातात पैसा कमी तो स्वस्त गोणी उचलणार, यात त्याचा दोष नाही. पण नत्राने पीक लुसलुशीत होते, कीड-रोगाला बळी पडते, ऊस असेल तर लोळते, आणि पालाश कमी पडले की ताण सोसत नाही. पालाश हेच पिकाच्या पानांवरच्या रंध्रांची उघडझाप सांभाळते. पाणी वाचवायचे तर पालाशाकडे दुर्लक्ष करून चालत नाही. खत आणि पाण्याचे नाते इथे पुन्हा दिसते.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची आडसाली उसाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्र आणि प्रत्येकी १७० किलो स्फुरद व पालाश अशी आहे. एकराला हिशेब केला तर १६० किलो नत्र, म्हणजे सगळे युरियातून द्यायचे ठरवले तरी पावणेआठ गोण्या, त्याही सोळा-अठरा महिन्यांत आणि चार हप्त्यांत विभागून. मोठ्या बांधणीनंतर नत्र द्यायचे नाही हेही त्यातच आले. विक्रमी उताऱ्याच्या बातम्या वाचून दुप्पट डोस टाकणाऱ्यांनी निदान हा आकडा आणि आपल्या खताच्या पावत्या शेजारी ठेवून पाहाव्यात.

पाणी कधी द्यायचे याइतकेच, कधी तोडायचे हे महत्त्वाचे आहे. या विषयावर नागपुरी संत्र्याच्या आणि नाशिकच्या द्राक्षाच्या शेतकऱ्यांनी कमावलेले ज्ञान मला फार मोलाचे वाटते. संत्र्याला आंबिया बहार हवा असेल तर थंडीत पाणी तोडायचे. हलक्या रानात तीन-चार आठवडे, भारी रानात त्याहून जास्त. झाड पाने थोडी कोमेजवते, वाढ थांबवते, फांदीत अन्न साठवते. मग खत देऊन पाणी सुरू केले की फूल फुटते. ताण कमी पडला तर नुसती पालवी येते, जास्त झाला तर फांद्या वाळतात. आळेही दुहेरी करायचे, म्हणजे पाणी बुंध्याला लागत नाही आणि डिंक्याची भीती कमी होते. द्राक्षात तर हे आणखी बारीक आहे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांत, नव्या काडीतल्या डोळ्यांत पुढच्या घडाची घडण होत असते. त्या दिवसांत नत्र आणि पाणी दोन्ही सढळ राहिले तर वेल वाढीलाच लागते, डोळ्यांत घडाऐवजी वेलाचा तंतू तयार होतो, आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी केल्यावर बाग वांझ निघते. म्हणून जाणता बागायतदार त्या वेळी पाणी कमी करतो, नत्र थांबवतो, स्फुरद-पालाशावर येतो, शेंडा मारतो. पानदेठाचे परीक्षण करून वेलीच्या अंगात काय आहे ते पाहून मग पुढचे खत ठरवतो. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर दिसणारा घड जूनमधल्या नळाच्या कॉकवर ठरतो. पाणी आणि खत हा एकच निर्णय आहे, याचा याहून स्वच्छ पुरावा माझ्या माहितीत नाही.

गच्चीवर आणि अंगणात बाग करणाऱ्यांसाठी शेवटचा भाग आहे. तो लहान आहे, कारण त्यांना सांगायचे थोडेच आहे. कुंडीतली झाडे तहानेपेक्षा जास्त पाण्याने अधिक मरतात. बोट दोन पेरांपर्यंत मातीत घालावे, ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये. तळाचे भोक उघडे असावे. कुंडीच्या कडेला पांढरा थर धरला असेल तर ते साचलेले क्षार आहेत, खत थांबवून दोन-तीनदा भरपूर पाणी देऊन ते तळातून वाहून जाऊ द्यावेत. युरिया कुंडीत घालूच नये. ज्यांना गावाला जायचे असते त्यांनी मोठ्या कुंडीत बिनझिलईचे मातीचे गाडगे गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरावे आणि तोंडावर झाकण ठेवावे. मातीला हवे तेवढेच पाणी ते झिरपवते. घरच्या ओल्या कचऱ्याचे खत आणि पालापाचोळ्याचे आच्छादन एवढ्यावर चांगली भाजी पिकते. श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवारातून ही वाट कितीतरी जणांना दाखवली आहे.

एका प्रश्नाला मात्र तंत्राच्या पुस्तकात उत्तर मिळत नाही, आणि तो टाळणे मला बरोबर वाटत नाही. वाचलेले पाणी कुणाचे? ठिबक बसवून एका एकराचे पाणी वाचले, की त्या पाण्यावर आणखी एक एकर ऊस होतो. शेतकऱ्याचा फायदा होतो, तो व्हायलाच हवा. पण विहिरीची पातळी होती तिथेच राहते किंवा आणखी खाली जाते. विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात या प्रश्नाला हात घातला. त्यांच्या पाणी पंचायतीत पाणी माणशी वाटले जाई, जमिनीच्या मापाने नाही. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही हक्क, आणि उसाला पाणी नाही. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड प्रकल्पावर ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या. तिथे पाणी मोजून घेतले जाते, घनमापाने पैसे भरले जातात. पाणी मोजले जाऊ लागल्यावर लोक आपोआप कमी पाण्याच्या, जास्त पैशाच्या पिकांकडे वळले. जिथे पाण्याचे पैसे पिकावर आणि एकरावर ठरतात, तिथे मोटर दोन तास कमी चालवण्यात कुणाला काय मिळणार? ही दोन्ही उदाहरणे मी पुस्तकात सविस्तर घेतली आहेत, कारण शेताच्या बांधाआत कितीही शिस्त पाळली तरी बांधाबाहेर पाणी वाटायची रीत बदलल्याशिवाय ती पुरी पडत नाही, असे माझे ठाम मत आहे.

वाचकांना एकच विनंती आहे. हे पुस्तक वाचायला घेण्याआधी आपल्या रानाचे माती परीक्षण करून घ्या. पीक निघाल्यावर, शेणखत टाकायच्या आधी, रानात नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचे वीतभर खोल खड्डे घ्या. खड्ड्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडून गोळा करा. बांधाजवळची, झाडाखालची, खताच्या उकिरड्याची जागा टाळा. माती सावलीत वाळवा, चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाका, आणि अर्धा किलो उरेपर्यंत असेच करा. विहिरीच्या पाण्याचाही एक नमुना बरोबर द्या. अहवालात सेंद्रिय कर्ब, सामू आणि क्षारता हे तीन आकडे आधी बघा, मग नत्र-स्फुरद-पालाश. अहवाल हाती येईपर्यंत पुढच्या हंगामाची एकही गोणी घरात आणू नका.